शांतता समितीवर बोलावलंय, जावं का?

चाफेकळी
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. हा प्रश्न घरात विचारला तर दोनच उत्तरं मिळतात: "कशाला नसत्या भानगडी" आणि "जा की, कुणी अडवलंय".

परवा आमच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. गणपतीच्या तोंडावर शांतता समितीची यादी नव्याने करतायत आणि शिक्षिका म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलंय. आमचा भाग मिश्र वस्तीचा. रस्त्याच्या अलीकडे चाळी, पलीकडे मशीद आणि तिच्यामागे मोहल्ला, नाल्याच्या कडेने बौद्धवाडी. दंगल अशी कधी झाली नाही. पण तीन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री मशिदीसमोर मिरवणूक अर्धा तास अडली होती, तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील एकमेकांवर हात उगारून उभे होते. मी गॅलरीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी ती दोन मुलं एका बाकावर बसेनात. दुसरीतली मुलं हो!

गेल्या ईदच्या आधी एका बैठकीला मी नुसती बघायला गेले होते. प्लास्टिकच्या चाळीसेक खुर्च्या, पहिल्या दोन रांगा पक्षांचे पदाधिकारी आणि मंडळांचे अध्यक्ष यांच्या. साहेबांचं भाषण, चहा-बिस्किटं, ग्रुप फोटो. एक वयस्कर मौलाना नमाजाची वेळ आणि मिरवणुकीची वेळ यावर काहीतरी बोलायला उठले, तर त्यांना "ते नंतर बघू" म्हणून बसवलं. बौद्धवाडीतून एकही माणूस नव्हता.

अशा समितीने खरंच काही होतं का? तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय का? नुसतं तात्त्विक नको, अनुभव सांगा.

रोखठोक
सोमवार, रात्री १०:०५

जाऊ नका. कायदा-सुव्यवस्था राखणं हे पोलिसांचं काम, त्यासाठी आपण कर भरतो. समितीवर नाव आलं की पुढच्या भांडणात "तुम्ही होतात ना समितीवर?" म्हणून दोन्ही बाजू तुमच्याच दारात येतील. मी दहा वर्षं अशा समित्या पाहतोय. ज्याला निवडणुकीला उभं राहायचंय तो तिथे पहिल्या रांगेत असतो.

पाऊलवाट
सोमवार, रात्री १०:२२

रोखठोक यांच्याशी सहमत. पण ताई, दुसरीतल्या मुलांचं वाचून पोटात कालवलं.

भिवंडीचा_माग
मंगळवार, सकाळी ७:१२

रात्री वाचलं, झोप लागली नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हेच.

आमच्या भिवंडीने १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पाहिली. मग १९८४ साली पुन्हा, तेव्हा भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर गावाचं नावच दंगलीचं गाव पडलं होतं. मुलीला स्थळ सांगून यायचं ते "भिवंडी का?" इथेच अडायचं.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समिती आधीही होतीच, अगदी चाफेकळीताईंनी वर्णन केली तशीच, पुढारी आणि शेठ लोकांची. खोपडेसाहेबांनी ती बाजूला ठेवून गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या काढल्या. साऱ्या गावात मिळून सत्तरच्या आसपास. हिंदू आणि मुसलमान सारखे, आणि माणसं कोण? माग चालवणारा, रिक्षावाला, पानवाला, भाजीवाली. प्रत्येक कमिटीला ठाण्यातला एक साधा पोलीस जोडून दिलेला.

आमचे अण्णा असल्याच एका कमिटीवर होते. घरात चार माग, त्यामुळे दिवसभर खडखडाट, कमिटीवाले आले की अण्णा माग बंद करायचे. तेवढी एकच वेळ आमच्या घरात शांतता! लहानपणी मला "शांतता कमिटी" म्हणजे माग बंद करायची कमिटी असंच वाटायचं. बोलायचे कशावर? दंगलीवर कधीच नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, गटार कोण तुंबवतो, अमक्याचा पोरगा दारू पिऊन धिंगाणा घालतो, नवरा मारतो म्हणून कुणाची मुलगी माहेरी आलीय. महिन्यामागून महिने नुसतं हेच.

आणि मग डिसेंबर १९९२ आला. मुंबई पेटली. आमच्याकडे रात्री साडेअकराला बातमी आली की अमक्या नाक्यावर देऊळ फोडलं. अण्णांनी कुणालाही न विचारता शेजारच्या कमिटीतल्या अन्सारीचाचांना उठवलं आणि दोघं सायकलवर डबलसीट नाक्यावर गेले. देऊळ जागच्या जागी. पुजारी आत झोपलेला. दोघं तिथेच थांबले आणि येईल त्याला "जा बघून या" म्हणत राहिले. दोनपर्यंत गर्दी पांगली. त्या डिसेंबर-जानेवारीत भिवंडी शांत राहिली, हे सगळ्या देशाने पाहिलं.

रोखठोकसाहेब, पोलिसांचं काम हे बरोबर. पण त्या रात्री नाक्यावर पोलीस पोचायला तासभर लागला असता. अन्सारीचाचा तीन घरं सोडून राहत होते.

सांजसावली
मंगळवार, सकाळी ८:३०

सायकलवर डबलसीट... हे चित्र दिवसभर डोळ्यांसमोर राहणार.

घाटमाथा
मंगळवार, सकाळी ११:१५

भिवंडीचा_माग, फार मोलाचा प्रतिसाद. यावर अभ्यासही झालाय. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी शहरांच्या जोड्या लावल्या: अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. लोकसंख्येतलं प्रमाण साधारण सारखं, पण एका शहरात दंगली होतात, दुसऱ्यात होत नाहीत किंवा कमी होतात, असं का? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: एकमेकांच्या घरी शिरखुर्मा आणि फराळ खाणं चांगलंच, पण मोठ्या शहरात तेवढ्याने भागत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय, डॉक्टर-वकिलांच्या संघटना अशा जागी दोन्ही समाजांची माणसं एकत्र काम करत असतील तर अफवा तिथे येऊन थांबते. लखनौचं चिकनकाम बघा, कारागीर बहुतेक मुसलमान, व्यापारी बरेचसे हिंदू. एकाचं दुकान जळलं की दुसऱ्याची चूल विझते. त्यांनी भिवंडीचाही विचार केलाय, कारण तिथे हे नातं पोलिसांच्या पुढाकाराने मुद्दाम बांधलं गेलं.

'नागरी समाज' म्हटलं की आपल्याला सेमिनार आणि एनजीओ आठवतात. माझ्या मते भिवंडीतली ती गटारावरची भांडणं म्हणजेच नागरी समाज.

रोखठोक
मंगळवार, दुपारी १:४०

भिवंडीबद्दल आदर आहेच. पण २००६ चं काय? कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्यावरून जुलैत गोळीबार झाला, दोघे गेले, आणि त्याच रात्री दोन पोलिसांना जमावाने मारलं. तेव्हा कमिट्या कुठे होत्या? एक चांगला अधिकारी आला म्हणून जमलं, तो गेला की संपलं. मग ही नागरिकांची ताकद की एका माणसाची?

भिवंडीचा_माग
मंगळवार, दुपारी २:२०

प्रश्न रास्त आहे आणि मला टोचणारा आहे. २००६ पर्यंत आमच्या गल्लीतली कमिटी नावालाही उरली नव्हती. साहेब बदलत गेले, काहींना हे काम आवडलं, काहींना वेळ नव्हता. बैठका आधी महिन्याला होत्या, मग सणाला, मग कधीच नाही. अण्णा थकले, अन्सारीचाचा वारले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, मी सुद्धा नाही. मी तेव्हा तिशीत होतो, मागांचे हप्ते फेडत होतो. कमिटीत जाऊन बसायला पाहिजे होतं, हे मला मनापासून वाटतं. अधिकाऱ्याने दार उघडून दिलं होतं, आत जाऊन बसायचं काम आमचं होतं.

कट्टा_क्र_७
मंगळवार, दुपारी ३:०५

मुंबईतही १९९२-९३ च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर मोहल्ला कमिट्या निघाल्या, १९९४ साली. सतीश साहनी पोलीस आयुक्त होते, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यात जीव ओतला. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या जोडीने वर्षानुवर्षं काम केलं. आमच्याकडे शांततेसाठी क्रिकेट व्हायचं, पोरांच्या टीममध्ये सगळे मिसळलेले आणि समोर पोलिसांची टीम. आमच्या वॉर्डाच्या मॅचमध्ये हवालदार काकांनी मला यॉर्करवर त्रिफळाचीत केलं, त्यानंतर आयुष्यभर त्यांना घाबरलो नाही. हे गंमत म्हणून नाही सांगत. ज्या वस्तीतली पोरं पोलीस दिसला की पळायची, तिथे पोलिसाला "काका, बॉल" म्हणता येणं ही मोठी गोष्ट होती.

निळी_पहाट
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सगळे प्रतिसाद वाचले. मनापासून लिहिलेत म्हणून मीही मनापासून लिहिते.

धाग्यात "शांतता" शब्द किती वेळा आलाय बघा आणि "न्याय" किती वेळा. चाफेकळीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की बौद्धवाडीतून कुणी नव्हतं, त्यावर आतापर्यंत एकानेही शब्द काढला नाही. आमच्याकडे "शांतता" म्हणजे "मिटवून घ्या". माझ्या मामाच्या गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले, दोन पोरांची डोकी फुटली. तक्रार द्यायला निघालो तर समितीचेच लोक आडवे आले: ॲट्रॉसिटी लावू नका, गावाचं नाव खराब होतं, इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहतोय. कोण गुण्यागोविंदाने? त्या रस्त्यावरून मिरवणूक न्यायची नाही हे आम्ही चाळीस वर्षं पाळत होतो, म्हणून शांतता होती.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गप्प बसायचं आणि ज्याने केला त्याने समितीत खुर्चीवर बसायचं, अशी शांतता आम्हाला नको.

खाडीपलीकडे
मंगळवार, रात्री ८:१५

निळी_पहाट, तुमच्या एकेका शब्दाला अनुमोदन.

आम्ही कोकणातले, जातीने गावातल्या बहुसंख्यांपैकीच. तरी आमच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. कारण देवळाच्या जमिनीचा हिशेब बाबांनी मागितला. बाहेरच्या माणसाला वाळीत म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून सांगते. गिरणीवाला दळण घेत नाही. दुकानदार मीठ देत नाही. आई पाणवठ्यावर गेली की बायका हंडे उचलून निघून जातात. शिमग्याची पालखी शेजारच्या दारात नाचते आणि आपल्या दारावरून सरळ पुढे जाते. आजी उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभी होती, वात विझेपर्यंत. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. बाहेरून बघणाऱ्याला गाव एकदम शांत. तंटामुक्तीचं काम करणारे लोकही गावकीतलेच, ते म्हणाले, "माफी मागा, दंड भरा, मिटेल."

आमच्या बाजूने पहिल्यांदा उभे राहिले ते अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते. जातपंचायतींच्या विरोधात त्यांचं मूठमाती अभियान चालू होतं. गावात आले, ओटीवर बसले, आईच्या हातचा चहा प्यायले. साडेतीन वर्षांत आमच्या घरी बाहेरच्या कुणी प्यायलेला तो पहिला चहा. अशा शेकडो घरांच्या कहाण्या लोकांनी गोळा केल्या, मांडल्या, मोर्चे काढले, तेव्हा कुठे सामाजिक बहिष्काराच्या विरोधात कायदा झाला. विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. मुंबई राज्याचा १९४९ चा वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला होता, म्हणजे मध्ये पन्नासहून जास्त वर्षं आमच्यासारख्यांना धड कायदाच नव्हता.

आज पालखी आमच्या दारात येते. आजी मात्र राहिली नाही बघायला.

सांजसावली
मंगळवार, रात्री ८:४०

खाडीपलीकडे 🙏 काय लिहावं कळत नाही.

कट्टा_क्र_७
मंगळवार, रात्री ९:३०

निळी_पहाट यांनी बोट ठेवलं ते बरोबर आहे. माझ्या प्रतिसादात एक बाजू राहिली होती ती लिहितो.

क्रिकेट झालं, रक्तदान झालं. पण मुंबईच्या दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला, अहवाल १९९८ साली आला, आणि ज्यांची घरं जळली त्यांना कोर्टात काय मिळालं? त्या दंगलीत ९०० माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. बेपत्ता म्हणजे प्रेत नाही, दाखला नाही, भरपाई नाही. एका नागरिकाने २००१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ती लावून धरली. निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. तोवर १६८ पैकी फक्त ६० कुटुंबांना पैसे मिळाले होते, बाकीच्यांचे वारस शोधून व्याजासह भरपाई द्या असं कोर्टाने सरकारला सांगितलं. तीस वर्षं! त्यातल्या कितीतरी आया वाट बघून गेल्या असतील. एकवीस वर्षं कागद घेऊन फिरणारा तो माणूसही शांततेचंच काम करत होता, आणि मला वाटतं आमच्या क्रिकेटपेक्षा अवघड काम.

लगान_नदी
बुधवार, पहाटे ३:२० (इथे अजून मंगळवारच आहे)

बेलफास्टहून. अकरा वर्षं इथे आहे, हॉस्पिटलात काम करते. नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

इथे तीस वर्षं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात मारामाऱ्या चालल्या, साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली. वस्त्यांच्या मधोमध उंच भिंती आहेत, नाव 'शांतता भिंती'. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं तुरुंग आहे. पलीकडे साधी घरं, दोरीवर कपडे वाळत घातलेले. २०२३ पर्यंत त्या पाडू असं इथल्या सरकारने २०१३ साली जाहीर केलं होतं. बहुतेक अजून उभ्याच आहेत, कारण दोन्हीकडच्या लोकांना भिंतीशिवाय झोप लागत नाही.

हा संघर्ष थांबवणारा १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधी काय झालं ते फार कमी लोकांना माहीत असतं. १९९६ साली दोन्ही समाजांतल्या बायकांनी एकत्र येऊन पक्षच काढला, निवडणूक लढवली आणि वाटाघाटीच्या टेबलावर दोन जागा मिळवल्या. बाकीचे कैदी आणि शस्त्रं यावर बोलत होते, यांनी दंगलीत माणूस गमावलेल्या घरांचं काय आणि मुलांनी एका शाळेत कसं शिकायचं, हे करारात लिहून घेतलं. त्याच सुमाराला भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना मोबाइल वाटले गेले. अलीकडून दगड पडला की पलीकडचा फोन करायचा: "तुमच्याकडची पोरं आहेत, बघ जरा." एवढंच. माझ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने हे काम केलं होतं. तो म्हणाला, बारा वर्षं रोज रात्री ज्याच्याशी बोललो त्याला समोरासमोर चारदाच भेटलो. त्याच्या मयताला मात्र भिंत ओलांडून गेलो.

मुलांना एकत्र शिकवणारी पहिली शाळा १९८१ साली फक्त २८ मुलांवर सुरू झाली. आजही दहातलं एक मूलसुद्धा पुरतं अशा शाळेत जात नाही. चाफेकळीताई, तुमची ती दोन मुलं एका बाकावर नसली तरी एका वर्गात होती ना? इथे त्यासाठी लोक चाळीस वर्षं झटतायत.

पाऊलवाट
बुधवार, सकाळी ९:००

अवांतर: डीजेबद्दल कुणी बोलणार का? आमच्याकडे निम्मी भांडणं धर्मावरून नाही, आवाजावरून होतात. समितीने दुसरं काही करू नये, फक्त डीजे बंद करावा.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ९:२५

पाऊलवाट, डीजेसाठी वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद नक्की! पण मुद्दा अवांतर नाही. वेळ आणि आवाज, याच दोन गोष्टींवर काम करता येतं. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत खिलाफत कमिटीने आपला जुलूस एक दिवस पुढे नेला, सरकारने सुट्टीही हलवली. त्याच वर्षी आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी होती, तेव्हा कितीतरी गावांत मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. एवढं होतं तर मौलानांचं ऐकून अर्धा तास इकडे-तिकडे करणं अशक्य आहे का?

निळी_पहाट
बुधवार, सकाळी १०:१०

घाटमाथा, तुमच्या यादीत समजून घेणारे प्रत्येक वेळी तेच आहेत, हे लक्षात आलं का? जुलूस त्यांनी हलवला, कुर्बानी त्यांनी टाळली. त्यांचं कौतुक आहेच. मग पुढच्या वर्षी आपण काय हलवणार, हेही समितीत विचारलं गेलं पाहिजे.

घाटमाथा
बुधवार, सकाळी १०:३०

खरंय. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रोखठोक
बुधवार, दुपारी १२:१५

मी पहिल्या प्रतिसादात "जाऊ नका" म्हणालो होतो. शब्द मागे घेतो, पण अटीसह. ताई, नुसतं नाव लावू नका. बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं का बघा. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुणी करायचं, पुढच्या बैठकीत आधी तेच वाचायचं. मी सोसायटीत पंधरा वर्षं सेक्रेटरी होतो. कागदावर आलं नाही ते कुणी करत नाही. आणि कुणाची तक्रार असेल तर समितीने "मिटवा" म्हणायचं नाही, ठाण्यात नोंदवायला सोबत जायचं. निळी_पहाट यांच्यामुळे हे सुचलं.

चाफेकळी
शुक्रवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले.

तुमचे प्रतिसाद वहीत लिहून नेले होते. बोलायची पाळी आली तेव्हा हातपाय गार पडले, पण तीन गोष्टी मागितल्या. इतिवृत्त मी लिहीन. बौद्धवाडीतल्या निदान दोन बायका आणि मौलाना यांच्याशिवाय बैठक नको. आणि बैठक सणाआधी नाही, दर महिन्याला, ठाण्यात नाही, आमच्या शाळेच्या वर्गात. पहिल्या रांगेतून एकजण म्हणाले, "बाई, शाळा घ्यायला आलात का?" साहेब हसले, पण तिन्ही गोष्टींना हो म्हणाले. किती दिवस टिकतं ते बघायचं. साहेबांची बदली झाली तरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्ग मीच उघडणार आहे, किल्ली माझ्याकडे असते.

मौलानांचं म्हणणं शेवटी ऐकलं गेलं. त्यांना एवढंच सांगायचं होतं की रात्रीची नमाज साडेआठला असते, वीस मिनिटांत संपते, आणि त्यानंतर मिरवणूक आली तर मशिदीची पोरं पाणी वाटायला उभी राहतील. ईदच्या आधी हेच सांगायला ते उठले होते. आता मोठ्या मंडळाच्या अध्यक्षांनी नऊची वेळ लिहून दिलीय.

बौद्धवाडीतल्या दोघींना आज संध्याकाळी घरी जाऊन भेटले. एकीने विचारलं, "नाल्याची भिंत पडलीय त्याचं बोललं तर चालेल का, की फक्त सणाचं?" भिवंडीचा_माग, मला तुमचे अण्णा आठवले. म्हटलं, आधी तेच बोलू.

आता फोन नंबरांची यादी करतेय, गल्लीगल्लीतून दोन-दोन माणसं, रात्री फोन उचलतील अशी. लगान_नदी, त्या तुमच्या पेशंटच्या गोष्टीवरून.

भिवंडीचा_माग
शुक्रवार, रात्री ११:१५

ताई, यादीची कोरी नमुना प्रत इथे टाकाल का? आमच्या गल्लीत तीन पोरं तयार झालीत. मी धरून चौघे.